तिसरं पेडल

अमेरिकेत येऊन स्थिरावलेल्या मराठी माणसाचा कुठला अवयव सर्वांत आधी बेकार होत असेल, तर तो डावा पाय. जिभेला इथे नवी कामं मिळतात, हातांना भांडी मिळतात, पाठीला बर्फ उपसायचं फावडं मिळतं. डाव्या पायाला मात्र विमानतळावरून घरी येतानाच सेवानिवृत्तीचं पत्र मिळतं. गाडीत बसल्यावर तो सवयीनं काहीतरी शोधतो, पोकळीत चाचपडतो, आणि तिथे नुसता गालिचा आहे हे कळल्यावर ओशाळून कडेला सरकतो. उजव्या पायाला दोन-दोन पेडलं आणि याला एकही नाही, हा अन्याय तो निमूट सोसतो. पुढे वर्षानुवर्षं तो आपल्याबरोबर ऑफिसला येतो, वाण्याकडे येतो, देवळात येतो, पण गाडीत त्याचं स्थान पाहुण्याचं. लांबच्या प्रवासात त्याला मुंग्या येतात. काही न करण्याचाही शीण असतोच.

डेट्रॉइटच्या पंचक्रोशीत राहणाऱ्या माझ्यासारख्यानं याबद्दल कुरकुर करणं शोभत नाही, कारण हे कारस्थान बऱ्याच अंशी इथेच शिजलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये लेव्हासर नावाच्या गृहस्थानं दातेरी चाकं एकमेकांत सरकवून वेग बदलायची युक्ती मोटारीत बसवली. ती दाखवताना, आडदांड आहे खरं, पण चालतं, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला, असं सांगतात. तो आडदांडपणा कमी करायला 1928 मध्ये कॅडिलॅकनं सिंक्रोमेश आणला आणि डबल क्लच मारायची कटकट हळूहळू संपली. मग ओल्ड्समोबिलनं 1940 च्या मॉडेलवर हायड्रामॅटिक हा आपोआप गिअर बदलणारा डबा द्यायला सुरुवात केली, आणि क्लचचं पेडलच गेलं. म्हणजे माणसाला गिअर टाकावा लागू नये म्हणून शहाण्यासुरत्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या डोकं झिजवलं. आणि माझ्या शेजारचे बुवा तोच त्रास रोख पैसे मोजून परत विकत आणायला निघाले होते.

बुवा हे त्यांचं नाव नव्हे. मी मनातल्या मनात त्यांना बुवा म्हणतो, कारण त्यांचं सगळं कीर्तनकारासारखं असतं: पद एका ओळीचं आणि निरूपण रात्रभर. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी प्रेस शॉपमध्ये काढली. पत्र्याच्या सपाट तावाला एका दणक्यात दरवाजाचा नाहीतर बॉनेटचा आकार देणाऱ्या त्या अजस्र प्रेसनी त्यांना घर दिलं, पेन्शन दिली, आणि जाताना त्यांच्या कानातला वरच्या पट्टीतला बराचसा ऐवज ठेवून घेतला. पाखरं त्यांना आता दिसतात, ऐकू येत नाहीत. माझं पोटही मोटारींवरच चालतं, पण मी गाड्यांच्या सीटा करणाऱ्यांपैकी. सीटवाल्याला इंजिनवाले फारसे मोजत नाहीत. बुवा मात्र मला गॅरेजमध्ये बसू देतात, आणि बसल्यावर सीटबद्दल काही विचारत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

त्यांची गाडी 1966 ची पॉन्टियाक जीटीओ. ज्यांना इथे मसल कार म्हणतात, आणि कोल्हापुरात असत्या तर लोकांनी पैलवान म्हटलं असतं, त्या गाड्यांच्या घराण्याची ही मूळपुरुष. हिच्या जन्माची कथा मोठी गोड आहे, कारण ती एका पळवाटेची कथा आहे. जनरल मोटर्सचा तेव्हा घरचा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत 330 घनइंचांपेक्षा, म्हणजे आपल्या हिशेबानं 5.4 लिटरपेक्षा, मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टियाकचा चीफ इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांना 389 घनइंचांचं इंजिन घालायचं होतं. त्यांच्या लक्षात आलं की नियम गाडीच्या मॉडेलला लागू आहे. गिऱ्हाईक जादा पैसे देऊन जे वरून मागतो त्याबद्दल नियमात अवाक्षर नाही. म्हणून 1964 मध्ये साध्यासुध्या टेम्पेस्टवर हे राक्षसी इंजिन जणू वाटीभर रस्सा जादा वाढावा तसं वाढण्यात आलं, आणि फेरारीकडून नाव उचलून त्याला जीटीओ म्हटलं गेलं. साहेब लोकांना वाटलं होतं, फार तर पाच हजार खपतील. पहिल्याच वर्षी 32,450 खपल्या. 1966 मध्ये 96,946. नियम मोडून यश आलं की त्याला दूरदृष्टी म्हणतात, हे तेव्हाही खरं होतं.

बुवांच्या हाती आली तेव्हा तिच्यात हे थोर इंजिन नव्हतंच. कुणीतरी कधीतरी काढून नेलं होतं. उरला होता तो दोन गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. हो, दोनच. एक निघायला आणि एक पोहोचायला. आता जुन्या गाडीत इंजिन टाकायचं तर इथली बहुतेक मंडळी डोळे मिटून एकाच घराण्याकडे वळतात: 1997 च्या कॉर्व्हेटमधून पुढे आलेलं एलएस घराणं. त्याचीच लोखंडी ब्लॉकची भावंडं हजारो पिकअप ट्रकांतून धावली आणि आता भंगारच्या यार्डांत निवांत पडून आहेत. बुवांनी तसलंच एक आणलं, 5.3 लिटरचं. आधीच्या जन्मी ते बहुधा कुणा प्लंबरचे पाइप वाहत असावं. पॉन्टियाक ही कंपनी 2010 मध्ये अस्तंगत झाली असली तरी तिचा संप्रदाय जिवंत आहे, आणि पॉन्टियाकच्या पोटात शेव्हरोलेच्या वंशाचं इंजिन हे त्या संप्रदायात पाप आहे. दोन्ही कंपन्या एकाच मालकाच्या, तरी त्यांच्या इंजिनांना गिअरबॉक्स जोडायच्या बोल्टांच्या जागासुद्धा वेगळ्या होत्या. बुवांनी निषेधाचे चार फोन शांतपणे घेतले. कमी ऐकू येण्याचे असेही फायदे.

मला मात्र त्या इंजिनाच्या आकड्यानं गंमत वाटली. 5.3 लिटर म्हणजे 325 घनइंच. ज्या गाडीचा जन्मच 330 ची मर्यादा ओलांडण्यातून झाला, ती साठीला टेकताना अखेर नियमात बसली. डिलोरियनला हे सांगायला तो हयात नाही, आणि ज्या साहेबांनी नियम केला त्यांना सांगून आता उपयोग नाही.

इंजिनाचा निर्णय एका दुपारीत झाला. गिअरबॉक्सला मात्र अख्खा हिवाळा लागला. हातानं टाकायचा गिअर हवा, म्हणजे मॅन्युअल हवा, हे ठरलेलंच होतं. त्याची चर्चा करण्याची सोयच नव्हती. प्रश्न होता, कुठला. बाहेर गुडघाभर बर्फ, आत केरोसीनच्या हीटरचा वास, आणि भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेले आकडे: 2.20, 2.52, 2.87, 0.68, 0.50. परक्यानं पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, म्हातारा मटका खेळतो.

पहिला मान अर्थातच मन्सीचा. इंडियाना राज्यातल्या मन्सी गावात जनरल मोटर्सचा कारखाना होता, तिथे 1963 ते 1974 पर्यंत हे चार गिअरांचे डबे घडले. त्यांची नावं रुक्ष सरकारी: एम 20, एम 21, एम 22. एम 20 चा पहिला गिअर 2.52 चा, म्हणजे पुढचा दांडा एकदा फिरायला इंजिनानं अडीच गिरक्या घ्यायच्या. निघताना गाडी सहज उचलते. बाकी दोघांचा 2.20, ते निघताना जरा कण्हतात, पण पुढे गिअरागिअरांमधली उडी लहान पडते, आणि शर्यतीत तेच हवं असतं. या तिघांत एम 22 ची कीर्ती मोठी, आणि ती कशासाठी, तर आवाजासाठी. गिअरचे दाते तिरके कापले की ते एकमेकांना हळूच भिडतात आणि डबा गप्प राहतो. पण तिरकेपणामुळे दांड्यावर आडवा रेटाही बसतो. एम 22 मध्ये दाते जास्त सरळ कापले. रेटा कमी झाला, ताकद वाढली, आणि डबा रडू लागला. त्याला लोकांनी नाव ठेवलं रॉक क्रशर, म्हणजे आपला खडीचा क्रशर. ज्या आवाजाबद्दल एखाद्या इंजिनिअरानं वरिष्ठांची क्षमा मागितली असेल, तोच आवाज आज लोक हुडकत असतात. त्या जातीचे नवे डबेही आता कुणी कुणी घडवून विकतात, आणि नवे असूनही ते इमानेइतबारे रडतात.

बुवांना एम 22 हवा होता. पोरवयात ते वुडवर्ड ॲव्हेन्यूच्या कडेला उभे राहत. डेट्रॉइटच्या नदीकाठापासून थेट पॉन्टियाक गावापर्यंत जाणारा हा रस्ता. 1909 मध्ये अमेरिकेतला पहिला एक मैल काँक्रीटचा महामार्ग याच रस्त्यावर झाला, आणि साठच्या दशकात या परिसरातल्या तरुणाईचं रात्रीचं शिक्षणही याच्यावर झालं. आमच्या रॉयल ओकमध्ये टोटेम पोल नावाचं ड्राइव्ह-इन होतं, वर उत्तरेला टेड्स. एका ठिकाणी बर्गर खायचा, दुसऱ्या ठिकाणी जाऊन वळायचं, आणि मधल्या सिग्नलांवर शेजारच्या गाडीकडे तिरक्या नजरेनं बघायचं. बुवांकडे गाडी नव्हती. ते फुटपाथवर पाठ करून उभे राहत आणि मागून गेलेली गाडी कुठली, तिच्यात गिअरबॉक्स कुठला, हे आवाजावरून ओळखून मित्रांकडून पैज जिंकत. या आठवणीवर मी कधी शंका घेतली नाही. रागदारी ऐकणारी माणसं तानेवरून घराणं ओळखतात, मग हे का नसेल?

आणि शंका न घेण्याचं दुसरं कारण म्हणजे आमचे नाना. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमच्या या चुलत्यांचं गॅरेज होतं. तिथल्या हवेत लेथच्या किसाचा आणि जळक्या ऑइलचा जो वास असे, तो मला आजही देवघरातल्या धुपापेक्षा आधी आठवतो. नाना गाडी शिकवायला शेजारी बसत ते डोळे मिटून. रस्ता बघायचं काम तुझं, असं म्हणत. "गिअर हातानं टाकायचा नसतोय रं," ते सांगत, "कानानं टाकायचा. हात निस्ता मागनं जातोय." इंजिनाचा सूर चढत चढत एका ठिकाणी तटतो, तिथे क्लच दाबायचा, आणि पुढच्या गिअरात ते खालच्या सुरावर अलगद बसलं पाहिजे. दाते करकरले की नाना डोळे उघडत नसत, फक्त कपाळावर एक आठी घालत. त्या आठीच्या भीतीनं मी जे काही शिकलो, ते सीटा करण्याच्या कामात कधी उपयोगी पडलं नाही.

नानांकडे एक अँबॅसिडर होती, स्टिअरिंगवर गिअर असलेली. त्या दांडीचे पुढे गेलेले जोड हमखास अडकत; मग भर चौकात उतरून, बॉनेट उघडून, आत हात घालून गिअर सोडवावा लागे. मागच्या गाड्या हॉर्न देत, आणि नाना त्यांना नमस्कार करून सावकाश आपलं काम करत. पुढे पेट्रोल महागलं तसं त्या भागात ज्याच्या त्याच्या गाडीत डिझेल इंजिन बसू लागलं. नानांनीही मॅटाडोरचं डिझेल इंजिन आणून अँबॅसिडरमध्ये बसवलं. गिअरबॉक्स कुठला घ्यायचा, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. इंजिनाच्या शेपटीला जो होता तो. मधल्या पत्र्याला भोक पाडलं, गिअरची दांडी वर काढली, इंजिन बसत नव्हतं तिथे जाड प्लेट लेथवर फिरवून ॲडॉप्टर केला. इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा दांडा एका रेषेत आहे की नाही, हे बघायला त्यांच्याकडे एक खडू होता. फिरत्या दांड्याजवळ खडू स्थिर धरायचा. जो भाग वर आलेला असेल तिथे पांढरी रेघ उमटते. रेघ सगळीकडून सारखी उमटली की झालं. ती गाडी उभी असताना सबंध थरथरायची आणि धावू लागली की शांत व्हायची. काही माणसंही अशी असतात. नाना स्वतः त्यातलेच.

खरं तर थरथरणाऱ्या गिअरच्या दांडीचं माझं आकर्षण त्याच्याही आधीचं, यष्टीतलं. गगनबावड्याच्या घाटात ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली, की ती लांबलचक दांडी आणि तिच्या टोकाचा तो गुळगुळीत गोळा दिसे. ड्रायव्हर एका हातानं ती अशी ओढी, की वाटे अख्खी यष्टी तिला बांधलेली आहे. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा, हा त्या लोकांचा नेम. ब्रेक तापतात, इंजिन मात्र न रागावता गाडीला धरून ठेवतं. ऑटोमॅटिकवाल्यांना हे धरून ठेवणं ठाऊक नसतं असं नाही, पण त्यांना ते हाताला लागत नाही.

पैलवान गाडीचं स्वप्न आपल्याकडेही कुणी पाहिलं नाही असं नाही. 1984 मध्ये काँटेसा आली. ब्रिटिश व्हॉक्सहॉलचं भारदस्त अंग, रुंद नाक, लांब बॉनेट, आणि त्या बॉनेटखाली अँबॅसिडरचंच दीड लिटरचं इंजिन. आखाड्यात उतरलेल्या पैलवानानं धाप लागून कडेला बसावं, तशी ती चढाला बसे. पुढे तिच्यात इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन आणि पाच गिअर आले तेव्हा कुठे अंगात आणि दमात मेळ पडला. म्हणजे इंजिन बदलून गाडीचा स्वभाव दुरुस्त करण्याचा उद्योग आपल्याकडे कारखान्यांनीच केला. नाना बिचारे त्या मानानं छोटे गुन्हेगार.

बुवांना मी हे सगळं सांगितलं. नानांच्या खडूची गोष्ट त्यांना फार आवडली. पण "शेपटीला जो होता तो" या तत्त्वावर ते बराच वेळ गप्प राहिले. त्यांच्या ट्रकच्या इंजिनाच्या शेपटीला ऑटोमॅटिक होता.

फेब्रुवारीत सहा गिअरांची हवा आली. टी 56 हा डबा 1992 च्या डॉज व्हायपरमधून पहिल्यांदा बाजारात आला. मूळ बोर्ग-वॉर्नरचा, नंतर ट्रेमेककडे गेला. त्याचा सहावा गिअर 0.50 चा. बुवांनी भिंतीवर हिशेब मांडला. मागचा डिफरन्शियल 3.55 चा, चाकाची उंची 26 इंच, वेग ताशी 70 मैल, कारण मिशिगनच्या बहुतेक फ्रीवेवर एवढीच मुभा. मन्सीच्या चौथ्या गिअरात इंजिन मिनिटाला सुमारे 3,200 गिरक्या घेणार. सहाव्या गिअरात 1,600. निम्म्या. मी त्या आकड्यांकडे पाहत राहिलो. आधी पैसे खर्चून गाडीत ताकद भरायची, आणि मग आणखी पैसे खर्चून ती ताकद पेंगत ठेवायची सोय करायची, यातला विनोद बुवांना दिसत नव्हता असं नाही. पण ते हिशेबात मग्न होते. शिवाय हा डबा इतका धिप्पाड, की त्याला जागा द्यायची तर दोन सीटांमधला पत्र्याचा उंचवटा कापून नवा उभारावा लागणार. ज्या माणसानं जन्मभर पत्र्याला आकार दिला, त्याला पत्रा कापायचं काही वाटू नये. पण बुवांनी करवत हातात घेतली आणि खाली ठेवली. हा पत्रा कदाचित त्यांच्या ओळखीच्या कुणी दाबला असेल.

त्यांच्या पत्नी आतापर्यंत या चर्चेत फक्त कॉफी घेऊन येत होत्या. त्या मिशिगनच्या थंब भागातल्या शेतकऱ्याची लेक. तिकडे शुगर बीट पिकतं, त्याची साखर होते, आणि शरदात बीटाचे ढीग वाहणाऱ्या ट्रकांची रस्त्यावर रांग लागते. ऊसपट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे ऐकून परदेशात आल्यासारखं वाटत नाही. स्टिअरिंगवर तीन गिअर असलेला बापाचा पिकअप त्या लायसन्सच्या वयाआधीच शेतात चालवत होत्या. म्हणजे घरातला खरा ड्रायव्हर कोण, हे उघड होतं. 1967 च्या जीटीओत ऑटोमॅटिकबरोबर हर्स्ट कंपनीची एक गिअरची दांडी येई, तिला दोन खाचा: एका खाचेत नुसतं ड्राइव्हला टाकून सोडायचं, दुसरीत हातानं गिअर बदलता येत. जाहिरातीत तिला ‘त्याची आणि तिची’ म्हणत. त्याची कुठली आणि तिची कुठली, हे वाचकांना सांगायला नको. बाईंनी ती जाहिरात तरुणपणी पाहिली होती, आणि अजून विसरल्या नव्हत्या.

एम 22 बद्दल त्यांचं म्हणणं थोडक्यात होतं. जन्मभर कारखाना ऐकलास, आता गाडीत पुन्हा कारखाना कशाला? आणि तुला तो ऐकू तरी येणार आहे का?

गॅरेजमध्ये शांतता पसरली. हा प्रश्न मलाही सुचला होता, पण सीटवाल्यानं विचारायचा नव्हता. बुवांनी हातातला पाना पुसला, पुन्हा पुसला. मग म्हणाले, "कानाला नाही येणार. पण दांडीत येतो. तळव्याला कळतं." जुन्या गाडीत गिअरच्या गोळ्यावर हात ठेवला की आतले दाते काय करताहेत ते हाताला समजतं, क्लचच्या पेडलमधून पायाला समजतं. वर्षानुवर्षं ऑटोमॅटिक चालवताना कान हळूहळू गेले, आणि गाडीशी बोलायला त्यांच्याकडे काही राहिलंच नव्हतं. मला नानांची आठी आठवली. कानानं टाकायचा गिअर हातानं ऐकता येतो, हे त्यांना कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी बहुधा डोळे उघडले असते.

त्यानंतर निर्णय आकड्यांनी झाला नाही. बाईंच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. जुन्या पद्धतीचा, दांड्या आणि तरफांनी ओढला जाणारा क्लच त्या गुडघ्याला झेपणारा नव्हता. हायड्रॉलिक क्लच हलका. शिवाय बाईंनी गाडी चालवायची हे आता गृहीत होतं. तेव्हा डबा असा हवा, जो गुपचूप वागेल, हलक्या पायानं टाकता येईल, पत्रा फारसा कापावा लागणार नाही, आणि तरीही बुवांच्या तळव्याला काही ना काही सांगत राहील. असा एक होता: ट्रेमेकचा टीकेएक्स. ही कंपनी मुळात मेक्सिकोतल्या केरेतारोची. साठ-सत्तरच्या दशकातल्या गाड्यांच्या अरुंद पोटात बसेल अशा बेतानंच तिनं हा डबा काढला. पाच गिअर, पहिला 2.87, पाचवा 0.68, आणि 70 मैलांना इंजिनाच्या साधारण 2,200 गिरक्या. पेंगणार नाही, धापणारही नाही. माझ्या मते याहून शहाणी निवड शक्य नव्हती, आणि बुवांच्या चेहऱ्यावर शहाणी निवड केलेल्या माणसाचं किंचित दुःख होतं.

बसवण्याचं वर्णन करत नाही. त्यात ग्रीस फार आणि घटना कमी. बेलहाउसिंगचं केंद्र इंजिनाच्या केंद्राशी जुळलंय का, हे डायल गेजनं बघायचं असतं. काट्याचा फरक 5 हजारांश इंचांच्या आत हवा, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीहून जरासाच जास्त. काटा आत आला. तरीही बुवांनी मला घरून खडू आणायला लावला. माझ्या नातीच्या पेटीतला गुलाबी निघाला. रेघ सगळीकडून सारखी उमटली.

गाडीत पहिल्यांदा बाई बसल्या. पहिला, दुसरा, तिसरा, कोपऱ्यावर खाली दुसरा, पुन्हा तिसरा. बुवा शेजारच्या सीटवर होते, त्यांचा हात दांडीवर बाईंच्या हाताशेजारी. मी मागे, 1966 च्या सीटवर. सीट अत्यंत वाईट आहे, पण ते कुणी विचारलं नाही.

आता ही गाडी कुठे बघायला मिळेल, असं कुणी विचारलं तर सांगतो. दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्डवर ड्रीम क्रूझ असते, 1995 पासून. हजारो जुन्या गाड्या त्या दिवशी रस्त्यावर येतात, आणि इतक्या येतात की कुणालाच पुढे जाता येत नाही. मन्सीवाले, पाच गिअरवाले, सहा गिअरवाले, सगळे पहिल्या गिअरात. क्लच दाबा, वीतभर सरका, क्लच सोडा. 0.68 आणि 0.50 चे गिअर दिवसभर डब्यात बसून असतात. वेग बघायचा असेल तर येऊ नका. बाकी कशासाठीही येणार असाल तर रॉयल ओकच्या बाजूला सकाळी लवकर या, घडीची खुर्ची आणि टोपी घरून आणा, आणि रस्ता ओलांडायची घाई असेल असं कुठलंही काम त्या दिवशी ठेवू नका.